परसबागेतील कीड-रोग नियंत्रणाचा इतिहास : रासायनिक व सेंद्रिय उपायांचे तौलनिक मूल्यमापन (मावळ परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

घराभोवतालच्या परसबागेत भाजीपाला, फळझाडे व फुलझाडे यांवर पडणाऱ्या कीड-रोगांचा बंदोबस्त रासायनिक औषधांनी करावा की सेंद्रिय उपायांनी, हा प्रश्न आज सर्वत्र चर्चिला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाची ऐतिहासिक घडण तपासली आहे. गेल्या शतकात कीटकनाशकांच्या टिकाऊपणास गुण मानले गेले व तो निकष शेतासाठी तयार झाला. परसबागेतील तोडणी मात्र रोजची असल्याने तेथे हाच गुण दोष ठरतो. उपाय कशापासून तयार झाला यापेक्षा तो पानावर व फळावर किती काळ राहतो, ही परसबागेसाठी अधिक योग्य कसोटी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : परसबाग, कीटकनाशके, निंबोळी अर्क, बोर्डो मिश्रण, प्रतीक्षा कालावधी, मावळ.

१. प्रस्तावना

पुणे-लोणावळा लोहमार्गावर देहूरोड व घोरावाडी या स्थानकांच्या दरम्यान बेगडेवाडी हे लहानसे स्थानक आहे. एका बाजूस देहूरोडची लष्करी छावणी व दुसऱ्या बाजूस तळेगाव दाभाडेचा औद्योगिक विस्तार, अशा दोन वाढत्या वस्त्यांमधील हा टापू आहे. येथून पश्चिमेस लोणावळ्याकडे जावे तसा पाऊस झपाट्याने वाढत जातो आणि भातशेतीचे मावळ सुरू होते. या पट्ट्यात परस हा घराचाच एक भाग मानला जाई. सांडपाण्यावर वाढणारे अळू, कुंपणावर चढलेला घेवडा किंवा दोडका, छपरावर सोडलेला भोपळ्याचा वेल, दारातील तुळस, कढीपत्ता, शेवगा, पपई व जास्वंद असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असे. नागरीकरणाच्या रेट्यात परसाची जागा सज्जाने व गच्चीने घेतली असली, तरी लागवडीची हौस व गरज टिकून आहे.

परसबागेचा विचार आज आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने अलीकडील वर्षांत ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम राबवली असून स्त्रिया व बालके यांच्या आहारात ताजी भाजी यावी हा तिचा हेतू आहे. ज्या भाजीचे प्रयोजनच पोषण आहे, तिच्यावर काय फवारले जाते हा प्रश्न त्यामुळे केवळ हौशी बागकामापुरता मर्यादित राहत नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, परसबागेतील कीड-रोग नियंत्रणाच्या साधनांचा कालानुक्रमे आढावा घेणे. दुसरे, ‘रासायनिक’ व ‘सेंद्रिय’ ही विभागणी कितपत ग्राह्य आहे हे तपासणे. तिसरे, मावळसारख्या संमिश्र परिसरात परसबागेसाठी वापरता येईल असा निकष सुचवणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मांडणी प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारलेली आहे.

३. रासायनिक युगापूर्वीचे उपाय

वनस्पतींच्या रोगांचा शास्त्र म्हणून विचार भारतात जुना आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथात वृक्षांचे रोग वात, पित्त व कफ यांच्या परिभाषेत सांगितले असून धुरी, लेप व सिंचन असे उपाय दिले आहेत. डॉ. नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने प्रसिद्ध केला आणि त्यानंतर कुणपजलासारख्या जुन्या द्रव खतांची चर्चा नव्याने सुरू झाली. १३६३ मधील ‘शार्ङ्गधरपद्धती’ या संग्रहातही ‘उपवनविनोद’ हा उद्यानविषयक भाग आहे. तथापि हे ग्रंथ राजे व श्रीमंत यांच्या उपवनांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. त्यांतील उपाय मावळातील सामान्य कुटुंबाच्या परसात होत असत, असे केवळ ग्रंथाधारे म्हणता येत नाही.

परसातील प्रत्यक्ष उपाय साधे व चुलीशी जोडलेले होते. मावा दिसला की चुलीतील राख पहाटे दव असताना पानांवर उधळणे, किडलेले पान वा शेंडा खुडून टाकणे, अळ्या वेचणे, गोमूत्र पाण्यात मिसळून शिंपडणे, आंबट ताकाचे पाणी, तंबाखूचे पाणी, धान्यात कडुनिंबाचा पाला घालणे असे त्यांचे स्वरूप होते. या उपायांचे दोन विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. ते हाताशी असलेल्या वस्तूंतून होत आणि त्यांचा परिणाम अल्पकाळ टिके. पाऊस आला की राख धुऊन जाई व पुन्हा उधळावी लागे. म्हणूनच झाडाकडे रोज पाहणे हा या पद्धतीचा अविभाज्य भाग होता.

४. वसाहतकालीन कीटकशास्त्र आणि शेताची चौकट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोगनियंत्रणात मूलभूत बदल झाला. फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना धाक बसावा म्हणून मोरचूद व चुना शिंपडत असत. अशा वेली केवडा रोगापासून बचावल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांच्या ध्यानात आले व १८८५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेच बोर्डो मिश्रण होय. दक्षिण भारतात सुपारीच्या कोळेरोगावर म्हैसूर संस्थानातील शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी त्याचा वापर रूढ केला. मुसळधार पावसातही पानास चिकटून राहणे, हे त्याच्या यशाचे कारण होते.

कीटकांच्या बाबतीत पुसा येथील संस्थेचे कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा १९०६ मधील भारतीय कीडींवरील ग्रंथ पायाभूत ठरला. घासलेट व साबणाचे मिश्रण, तंबाखूचा काढा, शिशाचे आर्सेनेट ही त्या काळातील प्रमुख साधने होती. म्हणजे घरगुती काढा व जहाल खनिज विष ही दोन्ही एकाच यादीत होती. आज आपण करतो ती रासायनिक-सेंद्रिय अशी फाळणी त्या पिढीने केलेली नव्हती. लेफ्रॉय यांचा मृत्यू १९२५ मध्ये लंडन येथे कीटकनाशक वायूवरील प्रयोगादरम्यान झालेल्या विषबाधेने झाला, ही नोंद या साधनांच्या स्वरूपावर पुरेसा प्रकाश टाकते.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी बेगडेवाडीपासून फार दूर नसलेल्या पिंपळे सौदागर या गावाचा केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेचा तो मौलिक दस्तऐवज आहे. त्याचा केंद्रबिंदू जमीनधारणा, जमिनीचे तुकडे, कर्ज व उत्पन्न हा होता. शासकीय कृषिविज्ञानाचे एकक ‘शेत’ हे ठरले ते याच काळात. परस हे महसूल देणारे क्षेत्र नव्हते व त्यामुळे शिफारशींच्या चौकटीत त्यास स्वतंत्र स्थान मिळाले नाही. पुढील काळातील अनेक अडचणींचे मूळ येथे आहे.

५. टिकाऊपणाचा गौरव : १९४५ नंतरचा काळ

स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचे कीटकनाशक गुण शोधून काढले व त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली १९४५-४६ पासून कारवार व धारवाड भागात घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून हिवताप नियंत्रणाचे काम झाले. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर ही फवारणी खेडोपाडी पोहोचली. एकदा फवारलेल्या भिंतीवर अनेक आठवडे डास मरत राहतात, हा अनुभव विलक्षण होता. असंख्य जीव त्यामुळे वाचले, हे निर्विवाद आहे.

तथापि या यशातून एक सार्वत्रिक धारणा रूढ झाली. जे अधिक काळ टिकते ते अधिक चांगले, अशी ती धारणा होय. हाच निकष पुढे पिकांना लागू झाला. डीडीटी व बीएचसीच्या भुकट्या शेतातून परसात आल्या. ‘पावडर मारणे’ हा शब्दप्रयोग ढेकूण, मुंग्या, धान्यातील पोरकिडे आणि वांग्यावरील अळी या सर्वांना सारखाच लागू झाला. त्याच सुमारास कीटकनाशकास ‘औषध’ म्हणण्याचा प्रघात पक्का झाला. शेतकरी आजही ‘औषध फवारले’ असे म्हणतो आणि फवारणीतून विषबाधा झाली तरी ‘औषध चढले’ असेच म्हटले जाते. एकाच शब्दात उपचार व विष सामावल्याने धोक्याची जाणीव बोथट झाली, असे म्हणावयास जागा आहे.

६. दुर्घटना, कायदा आणि बंदीचा विलंब

१९५८ मध्ये केरळमध्ये पॅराथिऑन या कीटकनाशकाचा अन्नधान्याशी संसर्ग होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. या घटनेनंतरच्या विचारविनिमयातून कीटकनाशक कायदा, १९६८ अस्तित्वात आला व १९७१ मध्ये त्याचे नियम झाले. प्रत्येक कीटकनाशकाची नोंदणी, पीकनिहाय शिफारस आणि विषारीपणा दर्शवणारा लाल, पिवळा, निळा अथवा हिरवा त्रिकोण ही या व्यवस्थेची देणगी होय.

दरम्यान १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथाने टिकाऊ विषांच्या पर्यावरणातील साठवणुकीकडे जगाचे लक्ष वेधले. भारतात मात्र निर्णय सावकाश झाले. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. एंडोसल्फानचे उत्पादन व विक्री सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये थांबवली. भोपाळ येथे १९८४ मध्ये ज्या कारखान्यातून विषारी वायू बाहेर पडला, तेथे कार्बारिल हे कीटकनाशक तयार होत असे. त्या कार्बारिलच्या वापरावर भारतात बंदी आली ती २०१८ मध्ये. त्याच आदेशानुसार फोरेट व डायक्लोरव्हॉस यांचा वापर २०२० अखेर संपुष्टात आणावयाचा होता. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यासाठी २००५ पासून निषिद्ध असूनही इतर पिकांसाठी पुढे वर्षानुवर्षे उपलब्ध राहिले. एकाच दुकानात व एकाच फळीवर असलेली बाटली कपाशीस चालते व भेंडीस चालत नाही, हा भेद परसबाग करणाऱ्या कुटुंबापर्यंत पोहोचणे कठीण होते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीमुळे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. रोज फवारणी करणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर हातमोजे वा मुखपट्टी नसलेल्या घरगुती वापराची कल्पना करता येते.

मात्राविषयीची अडचणही लक्षणीय आहे. शेतासाठीची मात्रा हेक्टरी सांगितली जाते. उदाहरणादाखल, एखादे औषध हेक्टरी ५०० मि.लि. असेल, तर दहा चौरस मीटरच्या वाफ्यास त्याचा हजारावा हिस्सा, म्हणजे अर्धा मि.लि. पुरेल. घरात हे मोजण्याचे साधन नसते. तेथे माप असते ते बाटलीच्या टोपणाचे, आणि एका टोपणात या मात्रेच्या कितीतरी पट औषध मावते.

७. सेंद्रिय पर्याय : सामर्थ्य व मर्यादा

कडुनिंबाच्या पारंपरिक वापरास आधुनिक विज्ञानाची जोड मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये निंबोळीच्या गराचे द्रावण फवारलेल्या पिकास टोळ तोंड लावत नाहीत, हे दाखवून दिले. निंबोळीतील अॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीस खाण्यापासून परावृत्त करते व तिच्या वाढीत अडथळा आणते. निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक वापरावर १९९४ मध्ये दिलेले पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने २००० मध्ये रद्द केले व २००५ मध्ये ते रद्दच राहिले. या लढ्याने कडुनिंबास प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु व्यापारी दृष्टीने त्यात एक उणीव सांगितली जाई. उन्हात ते काही दिवसांतच निष्प्रभ होते, ही ती उणीव होय.

महाराष्ट्रात या विचारास दोन भिन्न दिशा लाभल्या. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४-२००१) यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पालापाचोळा, सूर्यप्रकाश व जिवंत माती यांवर भर दिला. रोग पडल्यावर काय फवारावे यापेक्षा झाड सशक्त कसे होईल, या प्रश्नास त्यांनी अग्रक्रम दिला व त्यातून शहरी गच्चीवरील शेतीसही प्रेरणा मिळाली. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी गोमूत्र, शेण व वनस्पतींपासून करावयाच्या निमास्त्र, ब्रह्मास्त्र आदी द्रावणांचा प्रसार केला. दशपर्णी अर्कही याच प्रवाहात घरोघरी पोहोचला.

तथापि सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण इतिहासास मान्य होणारे नाही. निकोटिन हे तंबाखूतील नैसर्गिक द्रव्य, परंतु ते अत्यंत विषारी असून निकोटिन सल्फेटचा देशांतर्गत वापर १९९२ मध्येच बंद करण्यात आला. तंबाखूच्या पाण्यावाटे मिरची व टोमॅटोस विषाणूजन्य रोग लागण्याचाही संभव असतो. दशपर्णी अर्कातील लाल कण्हेर हृदयावर परिणाम करणारे विष बाळगते. असा अर्क घरात उघड्यावर ठेवणे, तो मुलांच्या हाती लागू देणे वा पालेभाजीवर तोडणीच्या आदल्या दिवशी फवारणे सुरक्षित मानता येत नाही. दुसऱ्या बाजूस बोर्डो मिश्रणातील मोरचूद कारखान्यात तयार होत असूनही सेंद्रिय प्रमाणीकरणात तांबेयुक्त द्रव्यांना मर्यादित स्वरूपात परवानगी आहे. हे तांबे जमिनीत साठत जाते, विघटित होत नाही. क्लोरँट्रानिलीप्रोलसारखी नवी रासायनिक औषधे हिरव्या त्रिकोणाची, म्हणजे माणसास तुलनेने कमी विषारी आहेत, हेही मान्य करावयास हवे. सारांश, उगमावरून केलेली विभागणी धोक्याचे मोजमाप करण्यास अपुरी पडते.

८. परसबागेची स्वतंत्र कसोटी

मग परसबागेने कोणता निकष स्वीकारावा? याचे उत्तर तिच्या तोडणीच्या पद्धतीत आहे. शेतात फवारणी व काढणी यांमध्ये ठरावीक दिवसांचा प्रतीक्षा कालावधी पाळावयाचा असतो व औषधाच्या माहितीपत्रकात तो दिलेला असतो. हा नियम शेतमाल एकत्रित वा ठरावीक तोड्यांनी निघतो, या गृहीतावर उभा आहे. परसात तसे होत नाही. कढीपत्त्याची डहाळी रोज फोडणीस लागते, कोथिंबीर लागेल तशी खुडली जाते, भेंडी एक दिवसाआड निघते. तुळशीचे पान तीर्थात पडते, जास्वंद व गुलाब देवपूजेस जातात. शिवाय फवारणारा, तोडणारा, शिजवणारा व खाणारा हे सर्व एकाच कुटुंबात असतात. अशा ठिकाणी दहा-पंधरा दिवस झाडास हात लावू नये, हा नियम कागदावरच राहण्याची शक्यता अधिक.

या दृष्टीने पाहता निंबोळीची बाजारातील उणीव परसात गुण ठरते. पाच टक्के अर्क, म्हणजे एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारणे, हे मावा व लहान अळ्यांच्या प्रारंभिक अवस्थेत उपयुक्त आहे. प्रादुर्भाव वाढल्यावर तो अपुरा पडतो, म्हणून पूर्वीप्रमाणेच रोजच्या पाहणीची आवश्यकता राहते. पिठ्या ढेकूण पाण्याच्या धारेने व साबणाच्या पाण्याने निघतो. भुरीवर गंधक चालते, मात्र कडक उन्हात ते पानांस पोळते. मावळातील पावसाळ्यात करपा व केवड्यासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम मोरचूद व दहा ग्रॅम चुना, प्लॅस्टिकच्या वा मातीच्या भांड्यात करून त्याच दिवशी संपवावे. लोखंडी सुरी बुडवून तिच्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवावा. पपई, डाळिंब यांसारख्या फळझाडांपुरता व फळे धरण्यापूर्वी त्याचा वापर इष्ट, पालेभाज्यांवर नव्हे.

मावळाच्या संदर्भात आणखी एका बाबीची नोंद आवश्यक आहे. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेल्या ‘इंद्रायणी’ वाणाने येथील भातशेतीस नवी ओळख दिली, तर तळेगाव व पवन मावळात उभ्या राहिलेल्या हरितगृहांमुळे फेब्रुवारीतील गुलाबाच्या निर्यातीसाठी हा भाग प्रसिद्ध झाला. गुलाब खाण्यासाठी नसतो. त्यामुळे कोळी, फुलकिडे व केवडा यांवर तेथे वारंवार फवारणी होते. भात व गुलाब यांसाठीची औषधे परिसरातील कृषी सेवा केंद्रांत सहज मिळणे स्वाभाविक आहे. परंतु तीच घरच्या वांग्या-मिरचीवर वापरणे शास्त्रास व कायद्यास धरून होत नाही.

९. मित्रकीटकांचा धडा

दोन्ही प्रकारच्या फवारण्यांपलीकडील एक अलीकडचा दाखला येथे उद्बोधक ठरेल. पपईवरील परदेशी पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूर येथे प्रथम आढळला आणि अल्पावधीत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. परसातील पपई, जास्वंद व तुती पांढऱ्या कापसासारख्या थराने झाकून गेल्या. मेणचट आवरणामुळे फवारण्या निष्फळ ठरत होत्या. २०१० मध्ये बंगळूर येथील राष्ट्रीय संस्थेने प्वेर्टो रिकोहून असेरोफॅगस पपायी ही सूक्ष्म परजीवी गांधीलमाशी आणून सोडली व किडीचा जोर ओसरला. जेथे तीव्र कीटकनाशके फवारली जातात तेथे असे मित्रकीटक प्रथम मरतात. टिकाऊ विषाचा हा आणखी एक दुष्परिणाम होय. फवारणीपूर्वी पानाखाली ढालकिडा वा त्याच्या अळ्या आहेत का, एवढे पाहिले तरी अनेक फवारण्या टळू शकतात.

१०. निष्कर्ष

१) रासायनिक व सेंद्रिय ही काटेकोर विभागणी तुलनेने अलीकडची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही प्रकारची साधने एकत्रच शिफारस केली जात.

२) टिकाऊपणा हा कीटकनाशकाचा गुण ठरला तो हिवताप नियंत्रण व शेती यांच्या गरजांतून. परसबागेच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा दोष आहे.

३) टिकाऊ कृत्रिम विषे या कारणास्तव परसबागेतून वर्ज्य करावीत. तथापि निकोटिन, कण्हेर व तांबे यांना केवळ ‘सेंद्रिय’ या नावाखाली अभय देऊ नये.

४) कायद्याने पीकनिहाय व हेक्टरी विचार केला. घरगुती बागेसाठी लहान मापातील, मराठीत सुस्पष्ट छापलेल्या व प्रतीक्षा कालावधी ठळक दाखवणाऱ्या सूचनांची उणीव दूर होणे आवश्यक आहे. पोषण परसबाग मोहिमेतील प्रशिक्षणात बियाणे व वाफे यांच्या जोडीने या विषयाचा समावेश व्हावा.

परसातील भाजी सकाळी तोडून दुपारी ताटात येते. तिच्यावर काय फवारावे याचा निर्णय शेतासाठी लिहिलेल्या माहितीपत्रकावर सोडून चालणार नाही. तो या काही तासांच्या अंतराचा विचार करून घेतला पाहिजे, एवढेच या ऐतिहासिक आढाव्याअंती म्हणावयाचे आहे.